कान बघून केलेला जावई

आमच्या दुकानात हेडफोन घ्यायला आलेला डीजे आधी स्वतःचं नाव ऐकतो, गाणं मागाहून. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, म्हणून नीट सांगते. आमच्या भागात डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आणि तिच्या आडोशाला उभा असलेला एक काळा चष्मा. ही भिंत गावातून निघाली की दवाखान्यासमोरची ‘शांतता राखा’ ही पाटीच थरथरायला लागते. तर या प्रत्येक चष्म्याने कुठल्यातरी घोगऱ्या माणसाकडून स्वतःचं नाव म्हणून घेतलेलं असतं, विहिरीत तोंड घालून हाक मारल्यासारखं. ‘डीजे विक्याऽऽ! कुंडलकरऽऽ!’ गाण्याच्या सुरुवातीला हे नाव गडगडतं, मध्ये गडगडतं, शेवटी तर हमखास. लग्न ज्याचं आहे त्या नवरदेवाचं नाव सगळ्या वरातीत एकदाही येत नाही.

असा हा गडी माझ्या काउंटरवर येतो, हेडफोन चढवतो, मोबाईलवर स्वतःचं नाव लावतो आणि कीर्तनात बसल्यासारखे डोळे मिटतो. नाव पोटात घुमलं तर हेडफोन चांगला. नाही घुमलं, तर काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “काकू, ह्यात दम न्हाई.”

सांगलीतलं आमचं हे व्यापाऱ्याचं घर. सासरे रेडिओ विकायचे, आमच्या ह्यांनी टेपरेकॉर्डर विकले, माझ्या वाट्याला हेडफोन आले. हे मागच्या खोलीत दुरुस्तीला बसतात, कारण त्यांना माणसांपेक्षा ट्रान्सफॉर्मर बरे वाटतात. मला माणसं आवडतात, आणि त्यातही आपल्याला सगळं कळतं असं ज्यांना वाटतं ती फार.

हेडफोनचं काम तसं साधं आहे. लोकांपुढे एक गाणं वाजत असतं. त्याच वेळी पुढचं गाणं डीजेने एकट्याने ऐकायचं आणि त्याचा ठेका चालू गाण्याशी जुळवून ठेवायचा. म्हणून हेडफोनची एक वाटी कानावर आणि दुसरी कानामागे सरकवलेली. एक कान लोकांत, एक कान पुढच्या गाण्यात. ठेका जुळला की धावत्या गाडीला नवा बैल जुंपायचा, आणि गाडी थांबता कामा नये. त्यासाठी वाट्या घट्ट लागतात, बाहेरचा कालवा आत येऊ न देणाऱ्या. वायर अशी लागते, की अंगात आलेल्या नवरदेवाच्या मित्राने ओढली तरी तुटणार नाही.

स्टुडिओचा हेडफोन ही वेगळी जात. साडीच्या दुकानातले दिवे तुम्ही पाहिले असतील. त्या दिव्यांखाली गोणपाटसुद्धा पैठणीसारखं दिसतं. शहाणी बाई म्हणूनच साडी घेऊन दारात येते आणि उजेडात बघते. डीजे लोकांना आवडतो तो ढोल्या आवाजाचा सोनेरी हेडफोन म्हणजे दुकानातले दिवे. स्टुडिओचा साधा काळा हेडफोन म्हणजे दारातला उजेड. गाण्यात जे आहे तेवढंच दाखवतो, पदरचं काही घालत नाही. त्यामुळे तो फारसा कुणाला आवडत नाही.

आवड कानाची की डोळ्यांची, हे बघायला मी एक खेळ करायची. गिऱ्हाइकाचं तोंड भिंतीकडे करायचं आणि मागून एकेक हेडफोन चढवायचा. भिंतीकडे तोंड असेपर्यंत बरेच जण काळ्यालाच पसंती देत. तोंड वळवलं, की सोनेरी हातात.

“अरे, आत्ता तर तुला काळा आवडला!” 

“आवडला की. पर तो गळ्यात दिसायचा न्हाई काकू.”

आणि हे फक्त ट्रॉलीवाल्यांचंच आहे असं समजू नका. एक दातांचे डॉक्टर आमच्याकडे यायचे. महागड्या वायरीने गायिकेच्या मागचा पडदासुद्धा ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते पेशंटचा फोन घ्यायला दारात गेले, तेवढ्यात मी त्यांची वायर काढून आमची नेहमीची लावून ठेवली. परत येऊन त्यांनी हेडफोन घातला आणि टेबलावर थाप मारली, “बघा! पडदा!” मी म्हटलं, “रंग कुठला?” तर ते चक्क विचारात पडले.

मिरजेचे एक तंबोरे करणारे मिस्त्री होते, त्यांची तऱ्हा उलटी. त्यांना काहीच पसंत नसे. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि जाहीर करायचे, “बाई, ह्यात तार आहे, भोपळा नाही.” दुसरा द्यावा, तर त्यात भोपळा असे आणि तार नसे. चहा मात्र आमचा दरवेळी उत्तम असे.

अशा सगळ्यांना मी एकच वाक्य ऐकवायची: आवड ज्याची त्याची. या वाक्याने भांडण मिटतं, माल खपतो आणि आपण मोठ्या मनाच्या ठरतो. दुकानदाराला याहून जास्त काय पाहिजे?

आता विक्या.

विक्या कुंडलचा. घरचा ऊस थोरले भाऊ बघतात आणि हा ट्रॉली बघतो. उंचापुरा, निर्व्यसनी, हसरा पोरगा. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे एवढंच. “चहा घेतोस?” “आँ?” “चहा!” “व्हय व्हय.” भिंतीशेजारी उभं राहणाऱ्या सगळ्यांनाच ती सवय असते. मी कधी मनावर घेतलं नाही.

त्याचं लग्न जमत नव्हतं, आणि ते न जमण्याचं कारण ट्रॉली होती. काउंटरवर कोपर टेकून तो मला मुली बघण्याचे वृत्तांत सांगायचा.

“काकू, पोरीचा बाप इचारतो, डीजे सोडून काय करतोस? मी म्हणलं, ऊस हाय. तर म्हणतो, मग ऊसच कर की!”

शेवटी एक स्थळ आलं. मुलगी साताऱ्याकडच्या फौजी गावातली, अश्विनी नावाची, पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकवणारी. तिने विक्याचा फोटो पाहून हो म्हटलं होतं. मामा मध्यस्थ होता. राहिला होता बाप, निवृत्त सुभेदार. विक्याच्या आईने मात्र निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं, की ही सोयरीक मोडली तर ट्रॉली मोडीत जाईल आणि हा उसात.

“ह्या टायमाला न्हाई जमलं काकू, तर बायको बी गेली आन् भिंत बी गेली,” विक्या म्हणाला. त्या दिवशी तो स्वतःचं नाव न ऐकताच गेला, यावरून काय ते ओळखा.

मुलगी द्यायची तर मुलाची गुपचूप चौकशी करायची, ही आपल्याकडची रीत. पूर्वी लोक तालमीत विचारत, डेअरीत विचारत. पण डीजेची चौकशी करायची कुठे? एके सकाळी दुकानात एक गृहस्थ शिरले. मिशा इस्त्री केल्यासारख्या, बुटांत तोंड दिसावं अशी चकाकी. त्यांनी दुकान या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

“ताई, कुंडलचा विक्रम तुमचंच गिऱ्हाईक काय?”

“हो. का हो?”

“लेक द्यायची हाय. पोरगं कसं हाय?”

चांगला आहे म्हणून सांगितलं असतं तर संपलं असतं. पण विक्याचा जुना हेडफोन त्याच्याच बुडाखाली येऊन मोडला होता आणि नवा घ्यायला निघालोय, असा त्याचा पलूसहून फोन नुकताच येऊन गेला होता. शाळेत असताना मी गॅदरिंगची एकही नाटिका सोडलेली नाही. माझ्याने राहवेना.

“सुभेदारसाहेब, मी कशाला सांगू? तो येतोच आहे. गिऱ्हाईक म्हणून कोपऱ्यात बसा आणि स्वतःच बघा. आपण कोण ते मात्र सांगायचं नाही.”

“म्हंजे अँबुश! दबा धरून बसायचं!” म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले, की बूट फिके पडले.

विक्या आला. आला तो थेट सोनेरी हेडफोनकडे गेला, नाव लावलं, डोळे मिटले. ‘डीजे विक्याऽऽ!’ वाटीबाहेर गळणारा आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू येत होता. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

डोळे उघडल्यावर विक्याला ते दिसले.

“काका, तुमी काय घ्याय आलाय?”

“रेडिओ.”

“आँ?”

“रेडिओ!”

“आवं, आता रेडिओ कोण ऐकतंय?”

“मी.”

विक्याला दया आली. जुन्या जगातल्या माणसाला नवं जग दाखवावं, अशा उमाळ्याने त्याने लॅपटॉप उघडला. “ह्ये ऐका तर काका. मीच बनवलंय. येत्या गणपतीला ह्येच वाजणार हाय.” मी पटकन स्टुडिओचा काळा हेडफोन पुढे केला. म्हटलं, त्यांना हा दे.

सुभेदारांनी तो घेतला. उजवी वाटी कानावर ठेवली आणि डावी अंगठ्याने कानामागे सरकवली, इतक्या सराईतपणे, की विक्याच्या तोंडाचा आ झाला.

“काका, तुमी डीजे हाय काय?”

“फौजेत हुतो. वायरलेसवर. एका कानात लांबचा निरोप, दुसऱ्या कानात सायबाचा हुकूम. डावा कान पलटणीतच ठेवून आलोय. लाव तुजं.”

गाणं सुरू झालं. सुभेदार मान खाली घालून, कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “ह्यात एक बाई हाय.”

“व्हय, गाणं तिचंच हाय.”

“मग कुठं हाय ती?”

“म्हंजे?”

“कायतरी सांगाय लागलीया बिचारी. पर तिच्या अंगावर तू पोती टाकलीयास.”

“आवं काका, ठेका हाय त्यो!”

“आसंल. माणूस ऐकू येत न्हाई.”

“माणूस ऐकाय कोण येतंय गणपतीत? लोक नाचाय येत्यात!”

“मग बाई घातलीस कशाला?”

विक्याने लॅपटॉप मिटून पिशवीत कोंबला. सोनेरी हेडफोन बांधून घ्यायलाही थांबला नाही, गळ्यात अडकवला, “येतो काकू” म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

मी आत जाऊन चहा करून आणला, पण सुभेदारांनी त्याला हात लावला नाही. माझी नाटिका माझ्याच डोक्यावर पडली होती. मी घाईघाईने सावरायला गेले. पोरगा निर्व्यसनी आहे, आईला जपतो, भावांशी चांगला आहे.

“नगा सांगू ताई,” सुभेदार उठत म्हणाले. “बघितलं मी.”

आणि ते उंबऱ्यात उभे राहून टोपी नीट करतात न करतात, तोच गाडी परत आली. विक्या माधवनगरपर्यंत जाऊन फिरला होता. आत आला तो घामेजलेला, गळ्यातल्या सोनेरी हेडफोनसकट.

“काकू, ते काळं द्या जरा. काका, बसा. कुठं म्हणलासा, बाई गावत न्हाई?”

मग जे चाललं ते मी आयुष्यात विसरणार नाही. विक्याने काळा हेडफोन घातला, लॅपटॉप मांडला आणि एकेक पोतं उचलायला लागला. ढोल खाली, शिट्ट्या कमी, तिसराच कुठला तरी कर्णा बाद. मध्येच हेडफोन काढून सुभेदारांच्या उजव्या कानाला लावायचा.

“आता?”

“याय लागलीया. पर तोंडावर पदर हाय.”

“आँ?”

“पदर हाय, पदर! शब्द कळंना.”

पुन्हा खटपट. पुन्हा “आता?” जेवणाची वेळ टळून गेली. दोघांनी मिळून त्या बाईला अशी काही ओढून बाहेर काढली, की शेवटी विक्याने गाणं आमच्या दुकानातल्या स्पीकरवर लावलं. बाई आली खरी. पण ती आमच्या कानाशी येऊन किंचाळत होती. प्रत्येक ‘स’ सुरीसारखा, प्रत्येक ‘च’ काचेवर नख ओढल्यासारखा. मागच्या खोलीतून आमचे हे ओरडले, “कोण भांडी घासतंय?”

विक्या मात्र तृप्त होता. “आत्ता कुठं नीट आली.”

“व्हय,” सुभेदार म्हणाले. “आता बराबर हाय.”

मी मनात म्हटलं, आवड ज्याची त्याची. विक्याने काळा हेडफोनही घेतला. सोनेरी परत देतोस का, विचारलं, तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. काळं कानाला, सोनेरी गळ्याला.”

तो गेल्यावर सुभेदारांनी माझा गार झालेला चहा एका घोटात संपवला.

“ताई, वायरलेसवर निरोप नीट आला न्हाई, तर ‘से अगेन’ म्हणायचं आसतं. परत सांग म्हणून. लय जणांस्नी त्याची लाज वाटती. न ऐकता ‘समजलं’ म्हणून टाकत्यात. आसला एक माणूस सगळी पलटण खड्ड्यात घालतो. आन् घरात तर समदे आसलेच. बायको बोलती, गडी म्हणतो, समजलं.” त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. “ह्ये पोरगं, बाईचं ऐकू आलं न्हाई म्हणून माधवनगरवरनं माघारी आलं. मला एवढं बास हाय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवत नाही. पुढे मी हा प्रसंग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला, सुभेदारांच्या आवाजात, मिशीसकट. काळा हेडफोन खपवायला याच्याइतकी जाहिरात नव्हती. दोन भिंतींच्या मालकांनी तर ‘सासऱ्यांना आवडला तोच द्या’ म्हणून मागितला.

लग्न झालं. सुभेदारांची एकच अट होती, वरातीत डीजे नको. हलगी वाजली, बँड वाजला. जिल्ह्यातले झाडून सगळे डीजे आपल्या एका भाईबंदाच्या वरातीत हलगीपुढे नाचले. विक्या फेटा बांधून घोड्यावर आणि गळ्यात सोनेरी हेडफोन, कशालाही न जोडलेला. फोटोत तो सगळ्यांत उठून दिसतो, हे मान्य केलं पाहिजे.

परवा अश्विनी दुकानात आली. लग्नानंतर प्रथमच. विक्या बाहेर थांबला होता आणि गाडी लावायला जागा नव्हती म्हणून हॉर्न वाजवत होता.

“काकू, कानात घालायचे बोळे मिळतात का? गिरणीत, कारखान्यात घालतात तसले.”

“कुणाला हवेत? शाळेतल्या मुलांच्या गोंगाटाने कंटाळलीस की काय?”

“ह्यांना. तसा उशीरच झालाय. पण कानाचे डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं तरी जपा.”

मी हातातलं काम ठेवलं. ती वर्गात शिकवावं तशी शांतपणे सांगत होती. विक्याच्या कानातले वरचे, बारीक आवाज गेलेत. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. दारावरची बेल ऐकू येत नाही. मोबाईल खिशात थरथरला तर कळतं. खालचा धडधडाट तेवढा छान ऐकू येतो. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

“बोलणं ऐकू येतं, पण शब्द फुटत नाहीत म्हणतात. ‘स’ नाही, ‘च’ नाही. म्हणून सारखं परत विचारतात.”

मागच्या खोलीत आमच्या ह्यांचा सोल्डरिंगचा धूर निघत होता. मला ती भांडी घासल्यासारखी बाई आठवली. तिचं किंचाळणं ज्या दोघांना गोड लागलं, त्यांतला एक पलटणीत डावा कान ठेवून आला होता आणि उजव्याचं काय झालंय हे कुणी बघितलंच नव्हतं. दुसरा भिंतीशेजारी उभा राहून कमावत होता. आणि मी मध्ये बसून, आवड ज्याची त्याची म्हणत, एकाऐवजी दोन हेडफोन विकले होते. ‘दम न्हाई’ म्हणणारे ते सगळे आता माझ्या डोळ्यांपुढे रांगेने उभे राहिले. त्यांच्यातल्या कितींची ती आवड होती आणि कितींची इजा, कोण जाणे. भिंतीकडे तोंड करून खेळ करण्यापेक्षा त्यांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यात टाळ्या मिळाल्या नसत्या.

मी बोळ्यांची पाकिटं काढली. आता हेडफोनबरोबर मी ती फुकट देते. डीजे लोक ती घेतात, आणि त्यांचं पुढे काय करतात ते मी विचारत नाही. एकाने बोळ्यांचा स्कूटरच्या गळक्या नळीला उपयोग केल्याचं मला आवर्जून सांगितलं.

“तुझ्या बाबांना सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं की.” ती हसली. “त्यांना पटतच नाही. गावभर सांगत सुटलेत, जावई कसा बघावा ते माझ्याकडनं शिका, कान बघून केलाय. सुट्टीत आमच्याकडे येऊन राहतात. दोघं टीव्हीसमोर बसतात, आवाज पार वर. मी म्हणते, जेवायला चला. हे म्हणतात, आँ? बाबा म्हणतात, से अगेन. मग दोघं एकमेकांकडे बघून खूश होतात.”

बाहेर हॉर्न चालूच होता. अख्खा रस्ता वळून बघत होता आणि विक्या मात्र निवांत हसत, गळ्यातल्या सोनेरी हेडफोनशी खेळत बसला होता. अश्विनीने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि दारातून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“बाबांनी माझ्यासाठी ऐकणारा नवरा शोधला, काकू,” ती म्हणाली. “आता घरात ऐकणारी मी एकटीच आहे.”